हेमाताईंची टाळी

ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘माझा आवाज येतोय ना?’ हे वाक्य कानावर पडलं की हल्ली माझं डोकं सटकतं. बायको म्हणते, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? तिला सगळं सांगून झालंय, पण तिनं हेमाताईंना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय, ते बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले माझे एचआरवाले जातभाई आता त्यांचं नाव काढत नाहीत. म्हणून मी काढणार आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बोईसरला आलो तो एका केमिकल कारखान्यात एचआरचं काम बघायला. कारखान्याचं नाव इथं लिहीत नाही. ते लिहायची जागा वेगळी आहे. आमचं हेड ऑफिस मुंबईत आणि गिऱ्हाइकं परदेशात. कामगारांच्या जिवाची आम्ही किती काळजी घेतो हे त्या गिऱ्हाइकांना बघायचं असे, म्हणून दर महिन्याची सुरक्षा बैठक ऑनलाइन व्हायची. ती प्रत्येक शेडमधल्या टीव्हीवर लाइव्ह दिसायची आणि तिचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवलं जायचं. पहिल्या दोन बैठका मीच रेकॉर्ड केल्या. साहेबांचं अर्धं कपाळ आणि वर भिंतच भिंत. कॅन्टीनमध्ये बसलेले कामगार म्हणजे नुसत्या सावल्या. हेड ऑफिसनं माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. मग कुणीतरी म्हणालं, पाम गावातल्या हेमाताईंना बोलवा, लग्नांचं शूटिंग करायच्या, आता मीटिंगा करतात.

बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर घट्ट खोचलेला, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग आणि काखेत थर्माकोलची पांढरी शीट. प्लांट हेडच्या केबिनमध्ये शिरल्या आणि नमस्कार नाही, ओळख नाही, सरळ म्हणाल्या, “पंखा बंद करा पयला.”

“मॅडम, गर्मी है,” साहेब म्हणाले.

“गरमी हाय तं घाम पुसा. पंख्याचा आवाज परदेशात कशाला पाटवता?”

मी डोळे मिटून घेतले. साहेबांशी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण पंखा बंद झाला. मग त्यांनी साहेबांची खुर्ची साहेबांसकट वळवायला लावली. “खिडकीला पाठ देऊन बसले तं तुमचं तोंड काळं दिसते,” म्हणाल्या. काळं तोंड हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. थर्माकोलची शीट टेबलाला टेकवून त्यांनी साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पाडला, मागं निळी चादर टांगली, आणि आपलं ते नेहमीचं फर्मान सोडलं.

“आता सगळ्यांनी टाळी द्या. एकच. मी तीन म्हनले का.”

“ये ताली किसलिए?”

त्यांनी समजावून सांगितलं. मीटिंगमधला आवाज नेटवर चालतो आणि इथलं नेट कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून त्या बोलणाऱ्यासमोर एक वेगळा फोन ठेवायच्या. तो फोन फक्त आवाज टिपायचा. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. दोन्ही नंतर जुळवायचे तर खूण हवी. चित्रात हात एकमेकांना लागतात ती जागा आणि फोनमध्ये टाळी वाजते ती जागा एकमेकांवर ठेवली की पुढचं सगळं बोलणं बरोबर ओठांवर बसतं. “आवाज पयला, तोंड मंग,” त्या म्हणायच्या. “तोंड धुरकट आलं तरी माणूस कळते. आवाज गेला का काय उरलं?”

तेव्हापासून दर महिन्याला प्लांट हेड, हेड ऑफिसचे दोन साहेब, मी आणि कॅन्टीनमधले वीस-पंचवीस कामगार, सगळे आपापल्या चौकोनात टाळी द्यायचो. माझी टाळी हमखास उशिरा पडायची. टाळी देताना मला उगाच लाज वाटायची, म्हणून दुसऱ्यांची पडल्यावर मी हात हलवायचो.

हेमाताईंचा स्टुडिओ खरं तर नवऱ्याचा. लग्नांची शूटिंग तो करायचा. मग त्याचा उजवा हात पक्षाघातानं गेला आणि कॅमेरा हिच्या हातात आला. पहिल्या हळदीला पोरांनी शिट्ट्या मारल्या, तर तिनं नाच थांबवून शिट्टी मारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडासमोर कॅमेरा धरला आणि म्हणाली, “आता मार. तुझ्या आईला दाखवते.” पुन्हा कुणी शिट्टी मारली नाही. हे मला त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं, हसत हसत, डाव्या हातानं चहा पुढे करत.

लग्नात त्यांची एक ठरलेली रीत होती. वरात निघायच्या आधी मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसासमोर त्या जायच्या, कॅमेरा धरायच्या आणि म्हणायच्या, “नाव सांगा, आजी. पुरं नाव.” नवरा-नवरीकडचे वैतागायचे, नाचाचं शूटिंग राहतंय म्हणून. पण पामपासून उमरोळीपर्यंत कुणी म्हातारं माणूस गेलं की दहाव्याच्या फोटोसाठी लोक त्यांच्याच दारात यायचे. कारण बऱ्याच घरांत त्या माणसाचा हसरा, नीट उजेडातला चेहरा फक्त त्यांच्याकडे असायचा. म्हणून त्यांनी कधी काही पुसलं नाही. जुन्या कॅसेटींपासून हार्ड डिस्कपर्यंत सगळं पत्र्याच्या पेटीत, गावाचं आणि घराचं नाव लिहून.

हीच रीत त्यांनी आमच्या कारखान्यात आणली आणि तिथंच पहिलं भांडण झालं. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याखाली नावाची पट्टी येते ना, तिच्यासाठी मी यादी दिली होती. साहेबांची नावं, हुद्दे, पदव्या. खाली ‘कंत्राटी कामगार १’, ‘कंत्राटी कामगार २’. हेमाताईंनी यादी माझ्या टेबलावर आपटली.

“ह्यांना बाप नाय?”

“ताई, ते आमच्या रोलवर नाहीत. कंत्राटदाराचे आहेत. बदलत राहतात.”

“तुमी बी बदलाल एक दिवस. मंग तुमचं काय लिवू? एचआर एक?”

आणि त्या तडक कॅन्टीनमध्ये गेल्या. मी मागोमाग. एकेकाला नाव विचारत सुटल्या. खिडकीशी एक तिशीतला माणूस बसला होता. डोंगरातला, स्वतःच्या तुकडाभर शेतात पावसाळ्यात भात लावायचा आणि ते कापून झालं की आमच्याकडे यायचा. “सुऱ्या,” तो म्हणाला. “सुऱ्या घरी. हितं पुरं नाव सांग. बापाचं बी.” तो जरा हसला, मग पाठ सरळ करून म्हणाला, “सुरेश लक्ष्या वरठा.” बैठकीत त्याचं तोंड टीव्हीवर आलं आणि खाली ते नाव उमटलं तेव्हा बाकीच्यांनी कल्ला केला. सुरेश मात्र टीव्हीकडे बघतच राहिला. काय बोलायचं ते विसरला. हेमाताई मला म्हणाल्या, “नाव दिसलं का माणूस बोलते. बगा तुमी.”

त्याचं पुढं काय होईल हे मला तेव्हा कळायला हवं होतं. बोलावं म्हणून बैठक आणि बोललं तर पंचाईत, असा आमचा कारभार होता आणि त्या कारभाराचा पगार मी घेत होतो.

दोन महिन्यांनी तो बोलला. त्या दिवशी टाळी देताना मी नेहमीपेक्षाही उशीर केला. सगळ्यांच्या टाळ्या विरल्या आणि मग माझी एकट्याची वाजली. हेमाताई कॅन्टीनमधून ओरडल्या, “जाधवसाहेब, पंगतीत बी असंच सगळे उठल्यावर बसता काय?” सगळे हसले. मीही हसलो. मग विषय सुरू झाले आणि सुरेशनं हात वर केला.

साहेबांच्या आणि माझ्या लॅपटॉपवर त्याचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी आलं. कॅन्टीनचं नेट गेलं होतं. “मांगच्या... तीन... डोले...” एवढंच. प्लांट हेड म्हणाले, “आवाज कट रहा है, नेक्स्ट पॉइंट.” पण सुरेशसमोर हेमाताईंचा फोन होता. दोन दिवसांनी त्यांनी जोडून दिलेलं रेकॉर्डिंग आलं, त्यात ते चाळीस सेकंद स्वच्छ होते.

“साहेब, मांगच्या टाकीचा व्हॉल गलते. तीन टायमा सांगला सुपरवायजरला. दुपारपाली लागली का वास येते, डोले झोंबतात. कोन बगाया येत नाय. एक दिस फुटल तो. आमी गरीब मानसा, आमीच हाव तेच्या बाजूला.”

साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, निकालो. मी फोन लावला.

“हेमाताई, ते सुरेशचे चाळीस सेकंद काढून टाका. विषयाला सोडून आहे.”

“विषय काय होता?”

“सुरक्षा.”

मीच घाईनं पुढं बोललो.

“वरून आलंय, ताई. माझ्या हातात नाही.”

“कापते,” त्या म्हणाल्या. “टाकत नाय.”

कापलेलं रेकॉर्डिंग बाहेर गेलं. त्यासोबतच्या कागदावर ‘कामगारांकडून कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून मी सही केली. व्हॉल्व्हचं काय झालं, हे मी विचारलं नाही. विचारायला दोन मिनिटं लागली असती. शेड माझ्या खिडकीतून दिसत होती. हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाच आठवड्यांनी, दुपारपाळीत, तो व्हॉल्व्ह फुटला. सुरेश त्याच्या बाजूलाच होता.

त्याची बायको सोनी भावाला घेऊन गेटवर आली ती फोटो मागायला. दिवसकार्याला फोटो हवा होता. आमच्याकडे गेटपासवरचा नखाएवढा फोटो, त्यात नाक कुठं आणि डोळे कुठं कळत नव्हते. मी सुटका करून घ्यायची म्हणून तिला पामचा पत्ता दिला. हेमाताईंनी पेटी उघडली, ते चाळीस सेकंद काढले आणि त्यातलाच एक क्षण थांबवून मोठा फोटो करून दिला. खिडकीचा उजेड, सरळ बसलेला सुरेश, तोंड किंचित उघडं. सोनीनं विचारलं, “हा काय बोलते हाय?” हेमाताईंनी तिला ऐकवलं.

हे मला नंतर कळलं. त्याआधी हेड ऑफिसला वेगळंच सुचलं होतं. ऑनलाइन श्रद्धांजली सभा घ्यायची, सगळ्या शेडमध्ये लाइव्ह दाखवायची, त्यात सुरेशची छोटीशी फिल्म. आता त्याचं हलतंबोलतं चित्र म्हणजे तेच चाळीस सेकंद, दुसरं नव्हतंच. आधीच्या बैठकीत तो नुसता टीव्हीकडे बघत राहिला होता. तर म्हणे आवाज काढा आणि बासरी घाला. माणूस ज्या गोष्टीनं मेला, ती गोष्ट तो सांगतोय, आणि आम्ही त्याच्यावर बासरी वाजवणार! आणि हा निरोप पोचवायला कोण? मी.

“करते,” हेमाताई म्हणाल्या. त्या इतक्या लवकर कबूल झाल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सभेच्या दिवशी सगळी मीटिंग माझ्या लॅपटॉपवरून चालली होती. कुणाचा आवाज चालू ठेवायचा, कुणाचा बंद करायचा, ते बटण माझ्या हातात. हेमाताई नेहमीसारख्या एका काळ्या चौकोनात, खाली पट्टी: ‘रेकॉर्डिंग – हेमा’. प्लांट हेड दोन शब्द बोलले. मग हेमाताईंनी त्यांच्याकडून फिल्म लावली. सुरेशचा चेहरा आला, खाली पूर्ण नाव आलं, आणि बासरी आली नाही.

“साहेब, मांगच्या टाकीचा—”

मी बटण दाबलं.

कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी खूण केली नव्हती. बोट माझं मीच हलवलं, आणि या वेळी उशीर केला नाही. पुढचा सगळा वेळ साऱ्या शेडमधल्या टीव्हींवर सुरेशचे ओठ हलत राहिले. सभा संपल्यावर हेड ऑफिसच्या एका बाईंचा मेसेज आला, ‘किती हृद्य झालं. ती शांतता अंगावर आली.’ मी तो फोन भिंतीवर फेकायला हवा होता. मी ‘धन्यवाद’ लिहून पाठवलं.

थोड्या वेळानं हेमाताईंचा फोन आला. शिवी देतील म्हणून मी तयारीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, “जाधवसाहेब, त्याचा आवाज येत होता.” आणि फोन ठेवला.

त्यांचं आमच्याकडचं काम त्याच दिवशी बंद झालं. एमआयडीसीतले सगळे एचआरवाले एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. आठवड्याभरात बाकीच्या कारखान्यांनीही त्यांना बोलावणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, बाई तोंडाळ आहे. होतीच तोंडाळ. आमच्यासारख्या मुक्यांच्या गावात एक तरी हवी होती.

मग अपघाताची सरकारी चौकशी लागली. तीही ऑनलाइन. चौकशी अधिकारी त्यांच्या कचेरीत, कंपनीचे वकील मुंबईत, मी कारखान्यात. सोनी हेमाताईंच्या घरी बसली होती, मागं तीच निळी चादर, चेहऱ्यावर नीट उजेड. कंपनीनं पुरावा म्हणून माझ्या सहीचा कागद आणि कापलेलं रेकॉर्डिंग दिलं होतं. हेमाताईंनी पेटीतले चाळीस सेकंद लावले. सगळ्यांनी ऐकले.

वकील शांतपणे म्हणाले, “मूळ मीटिंगमध्ये हे शब्द ऐकू येत नाहीत. हा आवाज वेगळ्या फोनवरचा, म्हणजे नंतर कुणाकडूनही बोलून घेऊन जोडता येतो. त्याच दिवशीचा आहे कशावरून?”

“टाळीवरून,” हेमाताई म्हणाल्या आणि त्यांनी रेकॉर्डिंग मागं नेलं. चित्रात सगळे टाळी देतात. मग एकटा मी, उशिरा. फोनच्या आवाजातही तसंच. आधी टाळ्यांचा कडकडाट, मग कॅन्टीनच्या टीव्हीतून आलेली एक उशिराची टाळी, मग त्यांचं ते पंगतीचं बोलणं, सगळ्यांचं हसणं. तिथून पुढं एकदाही न थांबता फोन चालू, सुरेशच्या शेवटच्या शब्दापर्यंत.

“साहेब, ही टाळी जाधवसाहेबांची हाय. ते समोरच बसलेत. त्यांनाच विचारा.”

अधिकाऱ्यांनी विचारलं, “जाधव, ही टाळी तुमची का? हे त्याच दिवशी झालं का?”

टेबलावरच्या माझ्या फोनवर साहेबांचा मेसेज उजळला. ‘याद नहीं बोलो.’ समोर चौकोनात सोनी माझ्याकडे बघत होती. म्हणजे कॅमेऱ्याकडे. हेमाताईंनी तिला सांगितलं असणार, माणसाच्या डोळ्यांत बघायचं तर कॅमेऱ्यात बघ.

“आठवत नाही, साहेब,” मी म्हणालो. “टाळ्या दर मीटिंगला व्हायच्या.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

त्यानंतरचे पाच दिवस मी कसे काढले ते सांगून कुणाची कीव मला नको आहे. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, रिक्षा करून पामला गेलो. हेमाताई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघितलं आणि हात थांबवले नाहीत. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत.

“ताई,” मी म्हणालो, “ती टाळी माझी होती.”

“मला म्हाईत हाय.”

“मला ते सांगायचं आहे. सगळंच. ते कापायला मी सांगितलं, सही माझी, आणि सभेत आवाजही मीच बंद केला.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझं माफी मागणं त्यांना नको होतं, आणि माफ करायचा अधिकारही त्यांचा नव्हता. तो सोनीचा. उठल्या आणि म्हणाल्या, “बूट भायेर काढा.”

आत गेलो. त्यांनी निळी चादर टांगली. खुर्ची खिडकीकडे वळवली. थर्माकोलची शीट माझ्या गुडघ्यांना टेकवली. कॅमेरा लावला, माझ्यासमोर फोन ठेवला, पंखा बंद केला. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्यांनी एकदा माझ्या कॉलरला हात घातला. वाटलं आता मारतात, पण त्यांनी कॉलर नुसती नीट केली आणि मागं सरकल्या. आधीही इतक्या वेळा त्यांना कॅमेऱ्यामागं पाहिलं होतं, पण त्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काही शिल्लक नव्हतं, रागसुद्धा नाही. फक्त उजेड बरोबर पडलाय का, एवढंच त्या बघत होत्या.

“पुरं नाव सांगायचं. बापाचं बी,” त्या म्हणाल्या. “आन आदी टाळी द्या.”

खोलीत आम्ही तिघंच होतो. या वेळी आधी टाळी द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

“एक,” हेमाताई म्हणाल्या. “दोन.”